इंग्रजीचे उच्चार आणि आपल्या मुलांची जीभ

(शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेच्या वाचकांसाठी काही ठिकाणी विस्तार केला आहे.)





शिक्षणावरील भाषण म्हटले की ध्येय, संस्कार, राष्ट्राची उभारणी असे मोठे विषय आपल्या कानांवर पडतात. ते आवश्यकच आहेत. परंतु आज मी आपला वेळ घेणार आहे तो अगदी लहान गोष्टीसाठी. इंग्रजीतील एकेक सुटा ध्वनी मुलांना नीट उच्चारायला कसे शिकवावे, एवढाच माझा विषय आहे. विषय लहान असला तरी त्यापायी होणारे नुकसान लहान नाही. ते कसे, हे आधी सांगतो.

आपल्याकडे दहावीच्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर बऱ्यापैकी लिहिणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. पाठांतर चांगले, अक्षर चांगले, व्याकरणही बरे. हीच मुले पुढे अक्कलकोटला, सोलापूरला किंवा गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, कॉलेजात जातात आणि तेथे गप्प होतात. प्राध्यापकांनी प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही उठत नाहीत. नोकरीच्या मुलाखतीत तोंड उघडण्याआधीच कपाळावर घाम. कारण एकच. कधीतरी, कोठेतरी, एखाद्या शब्दावरून वर्ग हसलेला असतो. 'स्कूल'चे 'इस्कूल' झाले आणि मागच्या बाकावरून हशा आला, की त्या दिवसापासून ते मूल इंग्रजीत बोलायचे थांबते. मुलगी असेल तर लवकरच थांबते. मग घरी आई-वडील म्हणतात, "आमच्या पोरांची जीभच इंग्रजीला वळत नाही." काही शिक्षकही तसेच म्हणतात.

मला आज या समजुतीला उत्तर द्यायचे आहे. माझे म्हणणे असे आहे की आपल्या मुलांच्या जिभेत काहीही उणे नाही. इंग्रजीला लागणारे बहुतेक ध्वनी मैंदर्गीच्या गल्लीत रोज बोलले जातात. काही उर्दूत आहेत, काही कन्नडमध्ये आहेत, काही मराठीत आहेत. जे या तिन्हींत नाहीत, त्यांतलेही काही आपल्या मकतबात शिकवले जातात. उणीव आहे ती हे ध्वनी ओळखून वर्गात वापरण्याची.

अक्षर वेगळे, ध्वनी वेगळा

प्रथम मूळ अडचण कोठे आहे ते पाहू. देवनागरीत जसे लिहावे तसे बहुतांशी वाचावे, अशी आपली सवय. इंग्रजीत तसे नाही. तेथे अक्षरे २६, परंतु प्रमाण ब्रिटिश उच्चारात ध्वनी मोजले तर ४४ भरतात. त्यांत २४ व्यंजने आणि २० स्वर. म्हणजे स्वरांसाठी अक्षरे अवघी पाच आणि काम वीस स्वरांचे! साहजिकच एकेका अक्षराला चार-चार ठिकाणी राबावे लागते. 'ए' हेच अक्षर 'कॅट'मध्ये एक बोलते, 'केक'मध्ये दुसरे, 'कार'मध्ये तिसरे आणि 'बॉल'मध्ये चौथे.

यावर आपण एक सोपा उपाय काढला. इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहायचा. गाईडांत तर तो छापूनच मिळतो. हा उपाय म्हणजे भोके मोठी असलेल्या चाळणीने रवा चाळण्यासारखा आहे. देवनागरी ही आपल्या भाषांसाठी उत्तम लिपी आहे, याबद्दल वाद नाही. मराठीने तर इंग्रजी शब्दांसाठी 'ॲ' आणि 'ऑ' अशी दोन चिन्हेही वापरात आणली, म्हणून 'बॅट' आणि 'बॉल' आपण जवळजवळ बरोबर लिहू शकतो. परंतु बाकीचे काय? लिहिण्याच्या लेखणीला 'पेन' आणि वेदनेलाही 'पेन'. टॉर्चमध्ये घालतो तो 'सेल', दुकानातली स्वस्त विक्री तोही 'सेल'. पश्चिम दिशा 'वेस्ट' आणि वाया गेले तेही 'वेस्ट'. 'मला जाऊ द्या' म्हणताना पहिला शब्द 'लेट' आणि उशीर झाला तरी 'लेट'. इंग्रजाच्या तोंडी यांतला प्रत्येक शब्द वेगळा आहे. देवनागरीत लिहिला की दोघांचा एक झाला, आणि मुलाने वाचला तो तसाच.

म्हणून पहिली गोष्ट ही की उच्चार डोळ्याने शिकता येत नाही. तो आधी कानाने आणि मग तोंडाने शिकायचा असतो. लिहिणे त्यानंतर.

तीन घरांची तीन भांडवले

आपले गाव सीमेवरचे. अक्कलकोट तालुक्यात मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषा नांदतात. बाजारात माणूस एका दुकानात एक भाषा बोलतो आणि शेजारच्या दुकानात दुसरी. बाहेरच्या माणसाला हा गोंधळ वाटतो. इंग्रजीच्या शिक्षकाला मात्र ही श्रीमंती वाटली पाहिजे. कोणत्या घरात काय आहे ते एकेक करून पाहू.

उर्दू किंवा दखनी बोलणाऱ्या घरातील मूल घेऊ. 'ज़े' आणि 'फ़े' हे दोन ध्वनी त्याला जन्मापासून मिळालेले असतात. 'ज़मीन', 'बाज़ार', 'सफ़र' हे शब्द ते सहज बोलते. म्हणून 'ज़ीरो' आणि 'ज़ेब्रा' हे इंग्रजी शब्द त्याला शिकवावे लागत नाहीत. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे धर्म हा फरक त्याच्या कानात पक्का असतो. त्यामुळे 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी हा भेद त्याला चटकन कळतो. त्याला अडते ते दोन ठिकाणी. शब्दाच्या आरंभी 'स'ला जोडून दुसरे व्यंजन आले की त्याच्या तोंडून आधी 'इ' निघते, म्हणून 'इस्कूल', 'इस्टेशन'. आणि 'ऑ'चा 'आ' होतो, म्हणून 'डाक्टर', 'कालेज'.

कन्नड घरातील मुलाकडे एक अशी वस्तू आहे जी मराठीकडे नाही. कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' हे दोन्ही स्वर ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही. आकडे मोजून पाहा. दोनसाठी 'एरडु', त्यातला 'ए' आखूड. सातसाठी 'एळु', त्यातला 'ए' लांब. छापील कन्नडात पीक आणि डाळ या दोन शब्दांत फरक आहे तो एवढ्याच ऱ्हस्व-दीर्घाचा. देवनागरीत मात्र दोन्ही 'बेळे' असेच लिहावे लागतील. लेखणीचा 'पेन' आणि वेदनेचा 'पेन' यांतील भेद पकडायला नेमका हाच कान लागतो. या ठिकाणी कन्नड घरातील मूल वर्गाचे गुरू होऊ शकते. त्याला अडते ते असे: शब्दाच्या आरंभीच्या 'ए'आधी 'य' येऊन 'एग'चे 'येग' होते, 'बॅट'चे 'ब्याट' होते, आणि शब्दाच्या शेवटी 'उ' चिकटून 'बस'चे 'बस्सु' होते. खेड्यातील बोलीत 'फोन'चा 'पोन'ही ऐकू येतो.

मराठी घरातील मुलाला जोडाक्षरांची भीती नसते. 'स्नान', 'स्थान' म्हणणारे तोंड 'स्कूल' आणि 'स्टेशन' सरळ म्हणते. 'ॲ' आणि 'ऑ' त्याला ठाऊक असतात. 'जन' आणि 'जण' या दोन शब्दांतले दोन 'ज' ते नकळत वेगळे उच्चारते. हा दुसरा 'ज' इंग्रजीच्या 'ज़'चा सख्खा शेजारी आहे. परंतु 'इ' किंवा 'ए' पुढे आला की मराठी 'झ' तालव्य होतो, म्हणून त्याच्या 'झिरो' आणि 'झेब्रा'मध्ये 'झेंडा'तला 'झ' ऐकू येतो. लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घ असले तरी बोलण्यात मराठी माणूस ते फारसे पाळत नाही, म्हणून त्याची जहाजे आणि मेंढ्या एका कळपात जातात.

आता वाचकांनी हे तिन्ही परिच्छेद एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. एकाला जे अडते ते दुसऱ्याला येते. 'इस्कूल'वर हसणारा विद्यार्थी 'झिरो' चुकीचा म्हणत असतो, आणि त्या दोघांचे 'पेन' तिसऱ्याला सुधारता येतात. असे असताना एकाने दुसऱ्यावर हसावे कशाला? ज्याला जे येते ते त्याने वर्गाला द्यावे. मी तर असे सुचवेन की त्या त्या ध्वनीच्या दिवशी त्या त्या घरातील मुलाला फळ्याजवळ उभे करावे. नेहमी मागे बसणारे मूल त्या दिवशी सर्वांना काहीतरी शिकवते. त्याचा परिणाम इंग्रजीपुरता राहत नाही.

मख़रज: आपल्या घरचे शास्त्र

तिन्ही भाषांत नसलेला, आणि म्हणून सर्वांनाच अडणारा ध्वनी म्हणजे 'टी' आणि 'एच' मिळून होणारा. 'थ्री', 'थिंक', 'बाथ' यांत तो एका प्रकारचा आहे. 'धिस', 'दॅट', 'मदर' यांत दुसऱ्या प्रकारचा. आपण त्यांना 'थ' आणि 'द' म्हणून वेळ मारून नेतो.

येथे मी उपस्थित मौलवीसाहेबांची परवानगी घेऊन काही बोलणार आहे. आपल्या मुलांना कुरआन शरीफचे पठण शिकवताना तज्वीद शिकवतात. तज्वीदमध्ये प्रत्येक हर्फ़चा मख़रज, म्हणजे तो तोंडात किंवा कंठात नेमका कोठून निघतो ती जागा, सांगितलेली असते. उर्दू बोलताना आपण 'मिसाल'मधला 'से' सरळ 'स'सारखा म्हणतो आणि 'ज़िक्र'मधला 'ज़ाल' 'ज़े'सारखा म्हणतो. पठणात मात्र तसे चालत नाही. तेथे 'से' म्हणताना जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लावून हवा हळू सोडायला शिकवतात. 'ज़ाल' त्याच जागेवरून, पण आवाजासह. वाचकहो, 'थ्री'मधील ध्वनी म्हणजे हाच 'से', आणि 'धिस'मधील ध्वनी म्हणजे हाच 'ज़ाल'. ज्या मुलाने उस्तादांसमोर बसून हे दोन हर्फ़ नीट काढले आहेत, त्याला इंग्रजीतला सर्वांत कठीण मानला जाणारा ध्वनी आधीच येतो. त्याला ते कोणी सांगितलेले नसते, इतकेच.

'वाव' आणि 'फ़े' यांचेही तसेच आहे. 'वाव'चा मख़रज दोन ओठ, आणि 'फ़े'चा मख़रज खालचा ओठ व वरचे दात. इंग्रजीचा 'डब्ल्यू' हा 'वाव'च्या जागेवरचा. आणि 'फ़े'च्याच जागेवर घशातून आवाज दिला की इंग्रजीचा 'व्ही' तयार होतो.

पवित्र पठणाचा तास इंग्रजीसाठी वापरा, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. पठणाचे स्थान वेगळे, हेतू वेगळा आणि अदबही वेगळी. मी बोलतो आहे ते तेथे जिभेला लागलेल्या शिस्तीबद्दल. सुलेखन शिकलेला हात जसा पुढे नकाशाही नीट काढतो, तसे हे आहे.

या शास्त्राची परंपरा जुनी आहे. आठव्या शतकात बसरा येथे ख़लील इब्न अहमद यांनी अरबीचा शब्दकोश रचताना अक्षरांचा क्रम कंठातून निघणाऱ्या ध्वनींपासून सुरू केला. त्यांचे शिष्य सिबवैह यांनी मख़रज सोळा सांगितले. पुढे इब्न अल-जज़री (१३५०–१४२९) यांनी सतरा सांगितले, आणि तज्वीदच्या वर्गांत आजही ही संख्या शिकवली जाते. आपल्या देशात तर त्याही आधी शिक्षा आणि प्रातिशाख्य ग्रंथांनी हेच काम केले होते. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य हे शब्द मराठी शाळेतील मुलाला व्याकरणाच्या पुस्तकात भेटतात. 'क'पासून 'म'पर्यंतची वर्णमाला म्हणजे घशाकडून ओठांकडे येणारा रस्ताच आहे. युरोपात आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र परिषद स्थापन झाली ती १८८६ साली. म्हणजे ध्वनी तोंडात कोठे निर्माण होतो हे पाहण्याचे शास्त्र आपल्याला विलायतेहून मागवावे लागत नाही. एक वारसा मकतबातून आला, दुसरा व्याकरणातून आला, आणि आपल्या गावातील मूल दोन्हींचे वारस आहे.

वर्गात करावयाचे उपाय

आता शिक्षक बंधू-भगिनींसाठी काही व्यवहार्य गोष्टी सांगतो. त्यांना पैसा लागत नाही. एक छोटा आरसा, कागदाची एक पट्टी आणि रोजची दहा मिनिटे एवढे पुरे.

१. आधी कान. शिक्षकाने पुस्तक तोंडासमोर धरावे, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. मग 'शिप' किंवा 'शीप' यांपैकी एक शब्द म्हणावा. जहाज वाटले तर मुलांनी एक बोट वर करावे, मेंढी वाटली तर दोन. जोवर बहुतेक बोटे बरोबर येत नाहीत, तोवर उच्चाराकडे वळूच नये. जो फरक कानाला कळत नाही तो जिभेला जमत नाही. फरक एकाच ध्वनीचा असलेल्या अशा जोड्या शिक्षकाने वहीत जमवून ठेवाव्यात. 'फिल' आणि 'फील', 'पुल' आणि 'पूल', 'सी' आणि 'शी'. 'शाळा'ला 'साळा' म्हणण्याची सवय असलेल्या मुलांना शेवटची जोडी विशेष उपयोगी पडते.

२. घशावर हात. 'स्स्स' म्हणताना गळ्यावर हात ठेवला तर काही जाणवत नाही. 'ज़्ज़्ज़' म्हटले, मधमाशीसारखे, की हाताला थरथर लागते. 'प्राइस' म्हणजे किंमत, 'प्राइज़' म्हणजे बक्षीस. फरक फक्त या थरथरीचा. 'फ' आणि 'व्ह', तसेच 'थ्री' आणि 'धिस' यांतील ध्वनी याच युक्तीने वेगळे करता येतात.

३. लांबवून पाहणे. 'ज' लांबवता येत नाही, 'ज़' श्वास संपेपर्यंत लांबवता येतो. तसेच मराठी 'थ' लांबवता येत नाही, इंग्रजीचा लांबवता येतो. मूल कोणता ध्वनी काढते आहे हे या एका कसोटीवर कळते. त्याचे त्यालाही कळते.

४. आरसा. 'थ्री' म्हणताना आरशात जिभेचे टोक दिसले पाहिजे. 'व्ही' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले दिसले पाहिजेत. 'डब्ल्यू' म्हणताना शीळ घालण्यासारखे ओठ गोल झाले पाहिजेत आणि दात कोठेही लागता कामा नयेत. सोलापूर जिल्हा द्राक्षांचा. द्राक्षाचा वेल म्हणजे 'व्हाइन' आणि दारू म्हणजे 'वाइन'. दोन्हींत अंतर फक्त ओठाचे आहे. तेव्हा निदान आपल्या मुलांनी तरी हा ओठ सांभाळावा!

५. कागदाची पट्टी. इंग्रजीत शब्दाच्या आरंभी, जोर असलेल्या ठिकाणी 'प', 'ट', 'क' आले की त्यांच्याबरोबर हवेचा झोत निघतो. तोंडासमोर पट्टी धरून 'पिन' म्हटले तर पट्टी हलली पाहिजे. आपण कोरडा 'प' म्हणतो, तो इंग्रजी मातृभाषा असणाऱ्याच्या कानाला कधी कधी 'बिन'सारखा लागतो.

६. सापाचा फुत्कार. 'इस्कूल' म्हणणाऱ्या मुलाला "इ काढून टाक" असे सांगून काही होत नाही. त्याला आधी नुसता 'स्स्स्स' लांब म्हणायला सांगावे आणि तो चालू असतानाच 'कूल' जोडायला सांगावे. दोनचार दिवसांत 'स्स्स्स-कूल'चे 'स्कूल' होते. 'बस्सु' म्हणणाऱ्याला याच्या उलट, शेवटचा 'स्स्स' लांबवून तेथेच तोंड मिटायला सांगावे.

एका आठवड्याला एकच ध्वनी घ्यावा. सोमवारी कान, मंगळवारी तोंड, मग शब्द, मग वाक्य, आणि शनिवारी खेळ. जूनपासून दिवाळीच्या सुटीपर्यंत पंधरा-सोळा आठवडे मिळतात. सर्वांत अडणारे ध्वनी तेवढ्यात होऊन जातात. आज बहुतेक घरांत मोबाईल आहे. त्यातील शब्दकोश शब्दाचा उच्चार बोलून दाखवतो. शिक्षकाला स्वतःच्या उच्चाराबद्दल शंका वाटली तर तो ऐकावा आणि मुलांनाही ऐकवावा. मात्र मोबाईल ऐकवतो, तोंडात पाहत नाही. जीभ कोठे लागली हे पाहायला शिक्षकच लागतो.

किती आणि कशासाठी

येथे एक शंका योग्य आहे. आपल्या मुलांना साहेब बनवायचे आहे काय? मुळीच नाही. बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन' हे नाटक १९१३ साली रंगभूमीवर आले. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली त्याला 'ती फुलराणी'च्या रूपाने मराठी मातीत आणले आणि भक्ती बर्वे यांनी ते घरोघरी पोचवले. त्यात एक भाषाशास्त्राचा प्राध्यापक फुले विकणाऱ्या मुलीची बोली बदलून तिला उच्चभ्रू समाजात मिरवतो. त्या नाटकातला सल आपण विसरू नये. माणसाची किंमत त्याच्या उच्चारावर ठरवणे हा अन्यायच आहे, मग तो लंडनमध्ये होवो, नाहीतर 'ळ'चा 'ल' झाला म्हणून आपल्याच मराठीच्या तासाला होवो.

मग आपले माप कोणते? समोरच्याला कळले पाहिजे, हे आपले माप. 'ट' आणि 'ड' आपण आपल्या पद्धतीने म्हणतो, त्याने कोणाचे अडत नाही. ते तसेच राहू द्यावेत. 'र'च्या मागे लागू नये. अमेरिकन नटांची नक्कल तर करूच नये. ज्या ध्वनीने शब्द बदलतो, तेवढ्याच ध्वनीवर कष्ट घ्यावेत. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतील प्रा. आर. के. बन्सल यांनी भारतीयांचे इंग्रजी परदेशी श्रोत्यांना कितपत समजते याचा अभ्यास केला. तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. शब्दात जोर कोठे द्यायचा हे चुकल्यानेही न समजण्याचे प्रसंग येतात, हे त्यातून पुढे आले. म्हणजे सुटे ध्वनी ही पहिली पायरी आहे, शेवटची नाही. पण पहिली पायरी ओलांडून कोणी दुसरीवर पोचत नाही.

महाराष्ट्रात जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्यापूर्वी मराठी शाळेत ते पाचवीपासून असे. हा फार मोठा लाभ आहे, कारण सहा वर्षांच्या मुलाचा कान आणि जीभ जितकी लवचीक असते तितकी अकरा वर्षांच्या मुलाची राहत नाही. परंतु त्या वयात जर आपण केवळ अक्षरे गिरवून घेतली आणि स्पेलिंग घोकून घेतले, तर तो लाभ हातचा जातो. पुष्कळ पालक केवळ उच्चारासाठी म्हणून पोटाला चिमटा घेऊन दूरच्या इंग्रजी शाळांची फी भरतात. त्यांनी एवढेच तपासावे की तेथे मुलाच्या तोंडाकडे कोणी पाहते काय. पाहत नसतील तर फलकावरच्या नावाने उच्चार सुधारत नाहीत.

शेवटच्या तीन विनंत्या

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की शाळा उघडण्यापूर्वी एक दिवस इंग्रजीचे शिक्षक, मराठी व कन्नडचे शिक्षक आणि मौलवीसाहेब यांना एकत्र बसवावे. प्रत्येकाने आपापल्या भाषेतील ध्वनी तोंडात कोठे निघतात ते सांगावे आणि त्यावरून एक तक्ता तयार करावा. इंग्रजीचा अमुक ध्वनी, आणि तो आपल्याकडे कोणत्या घरात, कोणत्या शब्दात सापडतो, एवढीच त्यात नोंद. असा तक्ता कोणत्याही पुस्तकाच्या दुकानात विकत मिळणार नाही. तो येथेच होऊ शकतो, कारण ही भाषांची संपत्ती येथे आहे.

शिक्षकांना विनंती ही की वर्गात उच्चारावर हसू देऊ नये. चूक दुरुस्त करावी, पण मुलाचे बोलणे पूर्ण झाल्यावर, आणि त्याच्या घरची भाषा मध्ये न आणता. "तुम्ही लोक असेच बोलता" हे वाक्य शिक्षकाच्या तोंडी कधीही येऊ नये.

आणि पालकांना, विशेषतः आयांना, विनंती ही की आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून आपण काही देऊ शकत नाही, असे समजू नका. तुम्ही घरी स्वच्छ उर्दू बोलता, स्वच्छ कन्नड बोलता, स्वच्छ मराठी बोलता, तेव्हा मुलाच्या कानात ध्वनी भरत असता. ज्या आईने 'ज़मीन' नीट म्हटले, तिने 'ज़ीरो'चा अर्धा धडा शिकवून ठेवला आहे. आपली भाषा लपवू नका आणि मुलालाही लपवायला लावू नका. त्याच शिदोरीवर ते पुढची वाट चालणार आहे.

 संस्थेच्या कार्याला यश लाभो, ही दुआ करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफ़िज़. जय हिंद! जय महाराष्ट्र!

— सहशिक्षक (बी. ए., बी. एड.), मैंदर्गी, ता. अक्कलकोट, जि. सोलापूर